काकांची सही लहान का झाली?

वाचकहो, कारकुनाचा निम्मा जन्म सह्या जुळवण्यात जातो. आमचाही तसाच गेला. सही जुळली की कागद पुढे, नाही जुळली की कागद परत. या कामात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, मग आजच्या विषयाकडे वळू.

आमच्या टेबलावर एक निवृत्त सफाई कामगार दरवर्षी हयातीच्या दाखल्याचा कागद घेऊन येत असत. सगळे त्यांना काका म्हणत. काकांची सही म्हणजे टपोरी, वळणदार. मोठेपणी रात्रशाळेत शिकले होते, त्यामुळे सहीचा त्यांना अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी ते आले, तर सही मुंगीच्या पायांसारखी बारीक. पहिले अक्षर ठीक, पुढची अक्षरे लहान लहान होत शेवटी नुसती रेघ. उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि तो थरथरत होता.

आम्ही म्हणालो, "काका, सही जुळत नाही. घरी जाऊन नीट करून आणा."

"साहेब, माझीच आहे हो. हात ऐकत नाही," ते म्हणाले.

आम्ही त्यांना बाजूला घेतले. वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करतो ना, त्याची घमेंड! हलक्या आवाजात सांगितले, "काका, आता या वयात तरी सोडा." काका काही बोलले नाहीत. कागदाची घडी केली आणि पाय घासत निघून गेले.

महिन्याभराने त्यांची सून आली. म्हणाली, "दादा, आमच्या बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. शेजारीपाजारी म्हणतात दारू, नातेवाईक म्हणतात बाहेरचे लागले. गंडेदोरे झाले, लिंबू झाले, वर्ष गेले. आता मोठ्या दवाखान्यात दाखवले तर डॉक्टर म्हणतात, पार्किन्सन आहे." डॉक्टरांनी काकांना एक ओळ लिहायला सांगितली होती म्हणे. ती पाहूनच त्यांना पहिला संशय आला. जी सही आम्ही नापास केली, तीच त्या आजाराची खूण होती.

लाज वाटली. मग या आजाराविषयी मिळेल ते वाचून काढले. आम्ही बी.कॉम. माणसे, विज्ञान शाळेतच सुटले. परंतु जे समजले ते तुम्हालाही सांगावेसे वाटते.

हा आजार नवा नाही

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी या आजारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यांनी सहा माणसांचे वर्णन केले होते. त्यांतील काही जण तर त्यांना रस्त्यात चालताना दिसले होते. हात थरथरतो, पाठ वाकते, पाय भराभर पुढे ओढले जातात. पुढे आजाराला त्यांचेच नाव पडले. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात.

मेंदूच्या मध्यभागी, खालच्या बाजूला एक छोटा काळसर भाग असतो. तेथील चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती मोजकी आणि सफाईदार ठेवणे यासाठी हे रसायन लागते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. त्यांतल्या खूपशा पेशी गेल्यावरच हात थरथरायला लागतो. म्हणजे आपल्याला आजार दिसतो तेव्हा तो आत कित्येक वर्षे चालू असतो.

पण या पेशी मरतात कशाने? हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ अडून राहिला. त्याचा एक धागा सापडला तो एका विचित्र घटनेतून.

गोठलेली माणसे

१९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका दवाखान्यात एक इसम आणला गेला. डोळे उघडे, परंतु हालचाल नाही, बोलणे नाही. पुतळाच जणू. आधी डॉक्टरांना वाटले, वेडाचा प्रकार असेल. मग असेच आणखी रुग्ण त्या भागात सापडले. वयाने तरुण, पण लक्षणे म्हाताऱ्या पार्किन्सन रुग्णाची. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा कळले की या सगळ्यांनी रस्त्यावर विकली जाणारी बनावट हेरॉईन टोचून घेतली होती. ती बनवताना चूक होऊन तिच्यात एमपीटीपी नावाचे द्रव्य तयार झाले होते.

हे द्रव्य मेंदूत शिरून डोपामिनच्याच पेशी मारत होते. कसे? पेशीतील मायटोकॉन्ड्रिया बंद पाडून. संशयाचे बोट तेव्हापासून मायटोकॉन्ड्रियाकडे वळले.

पेशीतील वीजघर

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय, ते तुमच्या घरातील आठवी-नववीतल्या मुलाला विचारा. त्याच्या पुस्तकात तंतुकणिका असा शब्द असेल. आपले शरीर तीस लाख कोटींहून अधिक पेशींचे बनलेले आहे. बहुतेक प्रकारच्या पेशींत या कणिका असतात, कुठे शेकड्यांनी, कुठे हजारांनी. आपण खाल्लेली भाकरी आणि घेतलेला श्वास यांपासून वापरण्याजोगी ऊर्जा बनवण्याचे काम त्या करतात. म्हणून त्यांना पेशीचे वीजघर म्हणतात.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु विश्रांती घेतानाही शरीराच्या ऊर्जेपैकी जवळजवळ वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यातही डोपामिनच्या पेशींवर ओझे फार. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या असतात की ती लाखो ठिकाणी जोडलेली असते. शिवाय या पेशी थांबत नाहीत. आपण झोपलो तरी त्यांचे ठोके चालूच.

दिवसरात्र चालणारे यंत्र झिजणारच. तंतुकणिका झिजली की ती ऊर्जा कमी देते आणि धूर जास्त सोडते. हा धूर म्हणजे ऑक्सिजनचे घातक रेणू. ते आजूबाजूच्या चांगल्या भागालाही खराब करतात. फार बिघडलेली तंतुकणिका तर पेशीला मरणाचा हुकूमही सोडू शकते. कातडीची पेशी मेली तर नवी येते. डोपामिनच्या पेशीची जागा भरून निघत नाही. त्यामुळे तिला आयुष्यभर एकच मार्ग उरतो: मोडलेले वेळेवर ओळखायचे, बाहेर काढायचे आणि नवे बनवायचे.

गेटबाहेरची गर्दी

मोडलेले ओळखायचे कसे? याचे उत्तर कुटुंबांच्या आजारातून मिळाले. जपानमध्ये काही कुटुंबांत पार्किन्सन अगदी तरुणपणी होत असे. १९९८ साली जपानी संशोधकांनी त्यामागचे बिघडलेले जनुक शोधले. त्याला पार्किन हे नाव दिले. २००४ साली युरोपातील कुटुंबांत दुसरे जनुक सापडले, पिंक-१. ही दोन्ही जनुके ज्या प्रथिनांची कृती सांगतात, ती प्रथिने करतात काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

मदतीला आल्या फळांवर बसणाऱ्या चिलटांसारख्या माश्या. २००६ साली अमेरिकेतील आणि कोरियातील संशोधकांनी माश्यांमधून पिंक-१ काढून टाकले. माश्यांचे पंखाचे स्नायू खराब झाले, स्नायूंतील तंतुकणिका फुगून बिघडल्या. पार्किन काढले तरी हेच होत असे. मग पिंक-१ नसलेल्या माशीला जास्तीचे पार्किन दिले, तर तिचा बिघाड बराचसा सुधारला. उलट पार्किन नसलेल्या माशीला जास्तीचे पिंक-१ देऊन उपयोग झाला नाही. यावरून कळले की दोघे एकाच कामावर आहेत आणि पिंक-१ वरच्या पायरीवर, पार्किन खालच्या पायरीवर आहे.

२००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेरेक नरेंद्र आणि रिचर्ड यूल यांनी पेशीतच पाहिले की पार्किन एरवी पेशीभर पसरलेले असते, परंतु तंतुकणिका बिघडवल्या की ते त्यांच्यावर जाऊन बसते आणि मग त्या तंतुकणिका नाहीशा होतात. पुढच्या दोन वर्षांत पिंक-१ चे कामही उलगडले. ते आम्हाला गिरणीच्या गेटवरून समजले.

गिरणी चालू असली की पाळीचे कामगार भोंग्याबरोबर आत जातात, गेटबाहेर कोणी दिसत नाही. ज्या दिवशी गेट बंद, त्या दिवशी बाहेर गर्दी. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळते, आज काम बंद आहे. पिंक-१ चे तसेच आहे. पेशी हे प्रथिन सतत बनवत असते. चांगल्या तंतुकणिकेच्या पडद्यावर विजेचा दाब असतो, त्या जोरावर पिंक-१ आत ओढले जाते, तेथे त्याचे तुकडे होतात आणि ते संपते. तंतुकणिका बिघडली की हा दाब पडतो. पिंक-१ आत जाऊ शकत नाही, गेटबाहेर साठत जाते. ही गर्दी म्हणजेच बिघाडाची खबर. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी या गेटवर थांबलेल्या पिंक-१ ची रचना नेमकी कशी असते, तेही दाखवले.

निर्लेखनाची पद्धत

पुढचे काम आमच्या कचेरीसारखेच आहे. कचेरीतील मोडकी खुर्ची कोणालाही उचलून फेकता येत नाही. तिची जडवस्तू नोंदवहीत नोंद असते. आधी ती निकामी म्हणून खूण होते, मग दुसरा अधिकारी सही करतो, निर्लेखनाचा आदेश निघतो, आणि मगच भंगारवाला येतो.

बाहेर जमलेले पिंक-१ तंतुकणिकेवर पहिली खूण करते आणि पार्किनला बोलावून जागे करते. पार्किन त्या तंतुकणिकेवर युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटवत सुटते. त्या चिठ्ठ्यांवर पिंक-१ पुन्हा शिक्के मारते, त्यामुळे आणखी पार्किन येते, आणखी चिठ्ठ्या लागतात. चिठ्ठ्यांनी भरलेल्या तंतुकणिकेभोवती मग एक पिशवी तयार होते. ही पिशवी लयकारिकेशी जाऊन मिळते. लयकारिका म्हणजे पेशीतील पचनाची कोठी, तीही शाळेच्या पुस्तकात आहे. तेथे मोडकी तंतुकणिका विरघळते आणि तिचे घटक पुन्हा वापरात येतात. भंगारातून नवी वस्तू! या साफसफाईला शास्त्रज्ञ मायटोफॅजी म्हणतात.

पिशवीत भरून पचवण्याची ही मूळ पद्धत कोणकोणती जनुके चालवतात, हे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टवर काम करून शोधले. पाव फुगवणारे तेच यीस्ट. त्यासाठी त्यांना २०१६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विचार करा. खूण करणारा गैरहजर असेल किंवा चिठ्ठ्या लावणारा नसेल, तर काय होईल? कचेरीत मोडक्या खुर्च्या जिन्याखाली साठत जातात, फार तर वाट अडते. पेशीत मात्र ते भंगार गप्प पडून राहत नाही. धूर सोडते, शेजारच्यांना बिघडवते आणि शेवटी ती पेशीच मरते. ज्यांच्यात पिंक-१ किंवा पार्किन जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांना बहुधा चाळिशीच्या आतच पार्किन्सन गाठतो. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल अजून आहे. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून तीच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता वाढते. मुलांची लग्ने ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

असाच प्रकार इतर आजारांतही दिसतो. विसरभोळेपणाच्या अल्झायमर आजारातही चेतापेशींत बिघडलेल्या तंतुकणिका साठलेल्या आढळतात. स्नायू लुळे पाडणाऱ्या ए.एल.एस. या आजारात काही कुटुंबांत जी जनुके बिघडलेली सापडली, त्यांतील ऑप्टिन्युरिन आणि टीबीके-१ ही दोन याच साफसफाईत काम करणारी आहेत.

सगळे उत्तर अजून मिळालेले नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पार्किन्सनच्या बहुतेक रुग्णांत ही दोन जनुके ठीकच असतात. त्यांच्या चेतापेशींत अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. या गुठळ्या आणि बिघडलेल्या तंतुकणिका एकमेकांना बळ देतात असे दिसते, पण आधी कोण, हा वाद चालू आहे. उंदरांतून पिंक-१ किंवा पार्किन काढून टाकले तरी त्यांच्या मेंदूतील पेशी बहुधा मरत नाहीत. तेव्हा साफसफाई बिघडणे हे एक मोठे कारण आहे, एकमेव नाही. आमच्या काकांच्या मेंदूत नेमके काय आधी बिघडले, हे आज कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

शेतावर फवारणी करणाऱ्यांसाठी मात्र एक इशारा आहे. रोटेनोन हे कीटकनाशक तंतुकणिकेचे तेच यंत्र बंद पाडते, जे कॅलिफोर्नियातील विषाने बंद पाडले होते. २००० साली अमेरिकेत उंदरांना हे रोटेनोन दीर्घकाळ दिले तेव्हा त्यांच्यात पार्किन्सनसारखी लक्षणे उमटली. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि या आजाराचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघात त्यावर २००७ पासून बंदी आहे. गावाकडे आपले भाऊबंद मजुरीने फवारणी करतात, अंगावर धड सदरा नसतो. त्यांना सांगा: तोंड-नाक बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, काम झाल्यावर अंघोळ करून कपडे वेगळे धुवा. आणि मालकाकडे हातमोजे मागायला लाजू नका.

काय करावे, काय करू नये

हात टेकलेला असताना एका बाजूचा थरथरणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, आवाज खोल जाणे, चेहरा निर्विकार दिसणे, हालचाल संथ होणे, ही या आजाराची लक्षणे. वास न येणे आणि जुना बद्धकोष्ठ कधी कधी याच्याही आधी कित्येक वर्षे असतो. सर्वच रुग्णांचा हात थरथरत नाही. आणि थरथरणारा प्रत्येक हात पार्किन्सनचा नसतो, कारणे इतरही असतात. म्हणून निदान मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे. मुंबईत के.ई.एम., नायर, सायन, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत हा विभाग आहे.

लेवोडोपा हे औषध १९६० च्या दशकात आले आणि आजही तेच मुख्य आहे. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. त्याने हालचाल सुधारते, आजार मुळातून जात नाही. गोळ्यांच्या वेळा चुकवू नयेत आणि बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नयेत, त्यात धोका असतो. रोजचे चालणे, व्यायाम, मोठ्याने वाचणे याचा रुग्णाला चांगला उपयोग होतो.

पेशीची साफसफाई वाढवणारी औषधे शोधण्याचे काम जगात चालू आहे. त्यांतील एकानेही पार्किन्सन थांबतो असे अजून सिद्ध झालेले नाही. तरी मोबाईलवर "पेशी शुद्ध करा, मायटोकॉन्ड्रिया ताजे करा" अशा जाहिराती येतात. हजार-दोन हजारांची भुकटी, कडक उपवासाचे सल्ले. यांत पैसा घालू नका. गंडेदोऱ्यांवर काकांच्या घरचे वर्ष गेले. तेच वर्ष डबीतल्या भुकटीवर घालवण्यात काय शहाणपण?

एक हक्काची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन आजार समाविष्ट आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र काढता येते. त्यासाठी कागदपत्रे जमवायला वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी मदत करावी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन रुग्णांसाठी काम करणारी सोसायटी आहे. तेथे रुग्ण आणि घरची माणसे एकत्र जमतात. रुग्णाइतकीच घरची सून किंवा मुलगी थकलेली असते, तिलाही बोलायला कोणी हवे असते.

जागतिक पार्किन्सन दिन ११ एप्रिलला असतो. जेम्स पार्किन्सन यांचा तो जन्मदिवस. हेच पार्किन्सन टोपणनावाने पत्रके लिहून गरिबांना राज्यकारभारात प्रतिनिधित्व मिळावे म्हणून भांडले होते. आपल्याला ११ एप्रिल महात्मा फुल्यांची जयंती म्हणून ठाऊक आहे. हा योगायोग आम्हाला आवडला. या जयंतीला वस्तीत आरोग्य तपासणी ठेवली, तर वृद्धांसाठीही एक टेबल मांडावे असे आम्ही सुचवतो. त्यांचे चालणे पाहावे, चार ओळी लिहून घ्याव्यात, आणि शंका आली तर रुग्णालयात पाठवावे.

सुनेची भेट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही काकांच्या घरी गेलो. सोबत नमुना सही बदलण्याचा अर्ज होता. आधी माफी मागितली. काका हसले की नाही, चेहऱ्यावरून कळले नाही, पण म्हणाले, "पेन द्या." गोळी घेऊन तास झाला होता, हात जरा हलका होता. त्यांनी सावकाश सही केली. बारीकच आली. आम्ही अर्जावर शेरा मारला: सही समक्ष केली, ग्राह्य धरावी.